‘निसर्गतः गुलाबी’

एका दिवाळी अंकाकडे आम्ही पाठविलेले प्रवासवर्णन गेल्या वर्षी साभार परत आले. सोबतची चिठ्ठी अत्यंत सौजन्याने लिहिलेली होती. लेखात मीठ आहे, शेवाळ आहे, शिसे आहे, कैदी आहेत, कंदमुळेसुद्धा आहेत, नाही ते फक्त तळे, असे तिचे तात्पर्य. निसर्गतः गुलाबी असलेल्या तळ्याच्या काठी उभे राहिल्यावर तुमच्या मनात काय तरंग उठले ते वाचकाला हवे असते, बाकीची माहिती ज्ञानकोशात मिळतेच, तेव्हा लेख त्या अंगाने पुन्हा लिहून द्यावा, अशी विनंती होती.

लेख परत येणे ही काही तक्रारीची बाब नव्हे. आमचे पुष्कळ लेख परत आलेले आहेत आणि त्यांपैकी बहुतेक त्याच लायकीचे होते. पण ह्या चिठ्ठीच्या पाच-सहा ओळींत मराठी प्रवासवर्णनाचे सबंध काव्यशास्त्र सामावलेले आहे, आणि ते संपादकांनी एकट्याने रचलेले नाही. आम्ही स्वतः ते वर्षानुवर्षे वर्गात शिकवीत आलो. प्रवासवर्णन म्हणजे स्थळाच्या निमित्ताने होणारा लेखकाच्या व्यक्तिमत्त्वाचा आविष्कार. त्यात माहिती दुय्यम, अनुभव प्रधान. आत्मनिष्ठा हा त्याचा प्राण. परीक्षेत दहा गुणांना हे उत्तर येते आणि दहांपैकी सात गुण मिळवून जाते. ह्या व्याख्येने प्रवासवर्णनाचे डोळे काढून घेतले, असे आमचे आज स्पष्ट मत झालेले आहे. ते कसे झाले, हे सांगण्यासाठी त्या तळ्यापाशीच परत जावे लागेल.

पश्चिम ऑस्ट्रेलियात पर्थपासून उत्तरेला ५०० किलोमीटरांहून थोडे अधिक गेले, की पोर्ट ग्रेगरी नावाचे समुद्रकाठचे एक लहानसे गाव लागते. किनाऱ्याला समांतर खडकांची रांग आहे, तिच्या आडोशाला होड्या उभ्या असतात, शेवंडांची मासेमारी चालते. गावाच्या पाठीशी हट लगून. साधारण १४ किलोमीटर लांब, २ किलोमीटर रुंद, आणि तळ समुद्रसपाटीच्याही खाली. समुद्र आणि तळे ह्यांच्यामध्ये वाळूच्या टेकड्यांचा बांध आहे. त्यातून समुद्राचे पाणी झिरपत आत येते, हिवाळ्यातल्या पावसाचे पाणी वरून येऊन मिळते, आणि उन्हाळ्यात त्यातले बहुतेक उडून जाऊन मिठाचे पांढरे पटांगण उरते. रस्ता तळ्याच्या काठाकाठाने जातो. त्या रस्त्याला जॉर्ज ग्रे ह्याचे नाव आहे.

आम्ही तिघे होतो. सकाळी दहाच्या सुमारास पोचलो. सूर्य वर आलेला, आकाश निरभ्र. असे असले की रंग चांगला दिसतो, असे सांगितले गेले होते आणि तो दिसलाही. खोटे कशाला बोला, आम्हीही आधी फोटोच काढले. आमच्यापैकी एकाने वहीत ‘अवर्णनीय’ हा शब्द लिहिला, आणि तो लिहून झाल्यावर काही लिहायचे उरलेच नाही. हा शब्द म्हणजे मराठी प्रवासवर्णनातील विश्रामधाम आहे. लेखक तिथे पोचला की पथारी टाकतो. नंतर आम्ही काठावर उतरलो. मिठाचा पापुद्रा पायांखाली कुरकुरत होता. ओंजळीत घेतलेल्या पाण्यात रंग जेमतेम होता. तो होता समोर पसरलेल्या सगळ्या पाण्यात मिळून. आणि ढग आला तेव्हा तेवढ्या पट्ट्यातले गुलाबीपण मळके झाले. इथे आम्हाला पहिल्यांदा शंका आली, की आपण ज्याला विशेषण समजत होतो ते विशेषण नसावे.

तो रंग कशाचा आहे, हे थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण ‘बाकीचे ज्ञानकोशात मिळते’ ह्या वाक्यातला उद्दामपणा इथेच उघडा पडतो. ह्या पाण्यात ड्युनालिएला सलिना नावाचे एकपेशीय शेवाळ राहते. वनस्पतिशास्त्राच्या वर्गवारीत ते हिरव्या शेवाळांत मोडते. मिशेल फेलिक्स ड्युनाल ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८३८ साली माँपेलिये भागातील मिठागरांच्या लाल पाण्यात ते पाहिले. १९०५ साली तेओदोरेस्कू ह्या रुमानियन वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याला ड्युनालचे नाव दिले. पाण्यातले मीठ वाढत जाते तसे पेशीतले पाणी बाहेर ओढले जाऊ लागते. सामान्य जीव अशा वेळी सुकून मरतो. ड्युनालिएलाला तर टणक पेशीभित्तिकाही नाही. ती पेशीच्या आत ग्लिसरॉल साठवते आणि बाहेरच्या मिठाशी तोल सांभाळते. वरून प्रखर ऊन, खाली पोषणाचा तुटवडा. हरितद्रव्याला झेपेल त्याहून अधिक प्रकाश अंगावर येऊ लागला, की ती बीटा-कॅरोटीन तयार करून स्वतःला त्याने झाकून घेते. गाजराला रंग देणारे तेच द्रव्य. त्याच खाऱ्या पाण्यात लाल रंगाचे मीठप्रेमी सूक्ष्मजीवही असतात, ते आपली छटा त्यात मिसळतात.

म्हणजे जे आपण ‘गुलाबी’ म्हणून टिपून घेतो ते त्या जिवाचे संकट आहे. ऊन सोसवेनासे झाले, खायला मिळेनासे झाले, मीठ वाढत चालले, तेव्हा त्याने घेतलेले पांघरूण आहे. मराठीत ‘गुलाबी’ म्हटले, की त्याच्या मागोमाग थंडी येते, स्वप्ने येतात, गाल येतात. ह्या शब्दाने आमच्यापुढे जे तळे उभे केले ते आनंदात होते. समोरचे तळे आनंदात नव्हते. ते दुःखात होते असेही आम्ही म्हणणार नाही, तोही आपल्याच मनाचा आविष्कार व्हायचा. ते जगण्याच्या खटपटीत होते.

आता त्या रस्त्याला ज्याचे नाव आहे त्या माणसाकडे येऊ. जॉर्ज ग्रे हा ब्रिटिश सैन्यातला तरुण अधिकारी. १८३९ च्या एप्रिलच्या आरंभी, मर्चिसन नदीच्या मुखापाशी त्याच्या होड्या फुटल्या आणि त्याला आपल्या लोकांसह दक्षिणेकडे पर्थपर्यंत पायी निघावे लागले. अन्न संपत आलेले, माणसे थकलेली. त्यांतला फ्रेडरिक स्मिथ नावाचा पोरसवदा साथीदार पर्थ गाठण्याआधीच मेला. नूंगार समाजातला काईबर हा वाटाड्या बरोबर होता, म्हणून बाकीचे वाचले असे म्हणायला हरकत नाही. ४ एप्रिल १८३९ रोजी ह्या लोकांनी तळ्याच्या पूर्व काठाला मुक्काम केला. ग्रेने तळ्याला विल्यम हटचे नाव दिले. हा हट तेव्हा हल मतदारसंघाचा खासदार होता आणि वसाहतीचा गव्हर्नर जॉन हट ह्याचा भाऊ. उपाशी माणसानेही गव्हर्नरच्या भावाला विसरू नये, ही साम्राज्याची शिस्त होती.

ग्रेविषयी आम्हाला प्रेम नाही. पुढे तो दक्षिण ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि केप कॉलनी इथे गव्हर्नर झाला, आणि त्या कारकिर्दींचा हिशेब तिथल्या मूळ रहिवाशांनी मांडलेला आहे. पण १८४१ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या दैनंदिनीतील हट नदीच्या परिसराची पाने वाचावीत. त्याला तिथे रुंद मळलेल्या वाटा दिसल्या. खोल खणलेल्या विहिरी दिसल्या. आणि मैलोगणती पसरलेली खणून काढलेली जमीन दिसली, इतकी खड्ड्याखड्ड्यांची की ओलांडताना माणसे मेटाकुटीला आली. ‘वारान’ नावाचा कंद तिथले लोक खणून काढीत. आपल्याकडच्या करांद्याच्या, कोनफळाच्या कुळातलाच हा कंद. ह्यावरून ग्रेने अनुमान काढले, की हा मुलूख ओसाड नाही, इथे स्थिर आणि बऱ्यापैकी दाट वस्ती आहे. हे लोक न्हांदा. पुढे ऑस्ट्रेलियातल्या मूळ रहिवाशांच्या शेतीविषयी जो मोठा वाद झाला, त्यात ह्या पानांचा दाखला वारंवार दिला गेला.

ग्रेने हे का पाहिले? तो संवेदनशील होता म्हणून नव्हे. त्याला भूक लागली होती. पाणी कुठे आहे, वाट कुठे जाते, ह्या जमिनीतून खायला काय निघते, हे प्रश्न त्याच्या पोटातून येत होते, आणि म्हणून माणसांच्या श्रमाच्या खुणा त्याच्या नजरेतून सुटल्या नाहीत. त्यानंतर पावणेदोनशेहून अधिक वर्षांनी, गाडीत खाण्याचे डबे आणि थंड पाण्याच्या बाटल्या घेऊन आलेल्या आम्हा तिघा साहित्याच्या लोकांना तिथे काय दिसले? गुलाबी रंग. वसाहतवादावर आम्ही दोन चर्चासत्रांत निबंध वाचलेले आहेत, हे ह्या ठिकाणी नमूद करणे भाग आहे.

तळ्यापासून जवळच लिंटन इथे काही दगडी भिंती उभ्या आहेत. १८५३ साली तिथे कैद्यांचे ठाणे उघडण्यात आले. १८४८ साली ऑगस्टस ग्रेगरीच्या तुकडीला मर्चिसन नदीच्या पात्रात शिशाचे खनिज सापडले होते. पोर्ट ग्रेगरी हे नाव त्याचेच. जेराल्डीन खाणीतले शिसे ह्या बंदरातून बाहेर जाई, आणि खाणीला व आसपासच्या वसाहतवाल्यांना मजूर हवे होते. १८५० ते १८६८ ह्या काळात इंग्लंडहून पश्चिम ऑस्ट्रेलियात सुमारे ९,७०० कैदी आणले गेले. त्यांतले काही लिंटनला ठेवून भाड्याने दिले जात. हवामान कठोर, रसद पोचवणे अवघड. तीन-चार वर्षांतच ठाणे बंद पडले. आपण अंदमानाची कथा लहानपणापासून ऐकत आलो, तिथली दंडवसाहत १८५८ ची. त्याच साम्राज्याने त्याच दशकात स्वतःच्या गरिबांनाही समुद्रापार पाठवून असे मोलाने दिले होते, हे त्या भिंतींपाशी उभे राहिल्यावर आम्हाला प्रथमच नीट उमगले. तिथे आमच्याखेरीज कोणी नव्हते. तळ्याकाठी मात्र त्याच वेळी आठ-दहा गाड्या उभ्या होत्या.

(जाता जाता एक गंमत. ह्याच परिसरात लेनर्ड कॅस्ली नावाच्या शेतकऱ्याने १९७० साली गव्हाच्या कोट्यावरून सरकारशी भांडून आपले शेत हे स्वतंत्र राज्य असल्याचे जाहीर केले होते. स्वतःची नाणी, स्वतःची तिकिटे. पन्नास वर्षांनी, २०२० साली, ‘हट रिव्हर’ हे राज्य विसर्जित झाले. प्रवासवर्णनात खपण्याजोगा एवढा एकच मजकूर आमच्या लेखात होता, असे संपादकांचे मत पडले.)

आता ‘निसर्गतः’ ह्या शब्दाविषयी. आमचा खरा राग त्याच्यावर आहे. तळ्याचा रंग कोणी ओतलेला नाही, हे खरेच. पण तळ्याच्याच पात्रात बांध घालून केलेली विस्तीर्ण उथळ तळी आहेत आणि त्यांत ह्याच शेवाळाची पैदास होते. १९८० च्या दशकापासून हा उद्योग तिथे आहे. २०१० साली बीएएसएफ ह्या जर्मन कंपनीने कॉग्निस ही कंपनी विकत घेतली तेव्हा तो तिच्याकडे आला. पाणी ढवळायला यंत्रे नाहीत, ते काम वारा करतो. मीठ किती वाढू द्यायचे, पाणी केव्हा सोडायचे, ह्याचा मात्र हिशेब असतो, कारण जिवाला जेवढा ताण अधिक तेवढे कॅरोटीन अधिक. ते काढून खाद्यपदार्थांना रंग देण्यासाठी आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्यांसाठी वापरले जाते. युरोपीय खाद्यसूचीत त्याला ई-१६०ए(४) असा क्रमांक आहे. आणि वेष्टनावर त्याचे वर्णन काय करता येते? नैसर्गिक रंग. पर्यटनपत्रिकेवर ‘निसर्गतः’, डब्यावर ‘नैसर्गिक’. एकाच तळ्यातून निघालेला हा शब्द दोन्हीकडे तेच काम करतो: मधली माणसे पुसून टाकतो. कारखान्यात राबणारा माणूस, भाड्याने दिलेला कैदी, कंद खणणारी न्हांदा बाई, ह्यांपैकी कोणीही ‘निसर्गतः’ ह्या शब्दाच्या आत मावत नाही.

कारखाना वाईट, तळे चांगले, असा सोपा निवाडा आम्ही देत नाही. आमचे भांडण शब्दाशी आहे. पण ते निव्वळ शब्दांचे भांडण समजू नये. त्याच राज्याच्या दक्षिण किनाऱ्यावर एस्परन्स ह्या गावाजवळ एक तळे आहे. त्याचे नावच पिंक लेक. कित्येक दशके तिथून मीठ काढले गेले, महामार्ग आणि लोहमार्ग ह्यांनी खाऱ्या पाण्याचे येणे अडवले, पाण्यातले मीठ घटले आणि रंग गेला. नाव राहिले. ज्या तळ्याची कीर्ती गुलाबी म्हणून होती ते पाहायला आलेल्यांना साधे तळे बघून परतावे लागू लागले. शब्द आणि अर्थ ह्यांच्या ताटातुटीवर आपण वर्गात तासन् तास बोलतो. इतके रोकडे उदाहरण क्वचितच मिळेल. सेनेगलमध्ये डकारजवळचे रेत्बा तळे असेच. अटलांटिकचा किनारा, मध्ये वाळूच्या टेकड्या, आणि छातीइतक्या पाण्यात उतरून तळाचे मीठ फोडणारी माणसे, कातडी जळू नये म्हणून अंगाला शियाचे लोणी चोपडलेली. २०२२ साली पुराचे पाणी त्यात शिरले आणि तिथलाही रंग गेला. मिठाचे ढीग वाहून गेले. छायाचित्रकारांचे एक निमित्त गेले, मीठवाल्यांचा माल गेला. जो रंग ‘निसर्गतः’ आहे असे आपण गृहीत धरतो त्याच्या राहण्या-जाण्याविषयी आपण प्रश्न विचारीत नाही, कारण निसर्गाला कोण जाब विचारणार? रस्ता कोणी बांधला, पाणी कोणी वळवले, हे मात्र विचारता येते.

इथे कोणी म्हणेल, की हे सारे परदेशातले, आपल्याकडे काय? २०२० च्या जूनमध्ये बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर गुलाबी झाले तेव्हाची मराठी वृत्तपत्रे काढून पाहावीत. पहिले काही दिवस केवळ चमत्कार आणि किमया. नागपूर खंडपीठाने लक्ष घातले, नमुने तपासले गेले, पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने सांगितले की पाणी कमी होऊन क्षार वाढल्याने हॅलोआर्किया ह्या मीठप्रेमी सूक्ष्मजीवांची वाढ झाली आणि त्यांच्या रंगद्रव्याने पाणी गुलाबी दिसले. म्हणजे इथला रंग हट लगूनसारखा नव्हता. तिथे शेवाळाचा वाटा मोठा, इथे सूक्ष्मजीवांचा. पाऊस झाला, पाणी वाढले, रंग ओसरला, आणि त्याबरोबर लेखकांचा उत्साहही. त्याच वर्षी लोणार रामसर यादीत गेले, त्यावर एकही ललित लेख आमच्या पाहण्यात आला नाही. पाणी तळ्यात येते कुठून, काठच्या झऱ्यांचे काय झाले, गावाचे सांडपाणी कुठे जाते, हे लालित्याचे विषय नव्हेत.

आणि लोणारसंबंधी हे घडावे ह्याचे आम्हाला विशेष वाईट वाटते. चक्रधरस्वामी लोणारला राहिले होते. लीळाचरित्रात ते आहे आणि स्थानपोथीतही लोणार आहे. चौदाव्या शतकातली ही स्थानपोथी आपण अभ्यासक्रमात महानुभाव वाङ्मयाच्या यादीत एका ओळीत उरकतो. ती उघडून पाहावी. स्वामी जिथे जिथे राहिले तिथे गावाच्या कोणत्या दिशेला देऊळ, त्याचे दार कोणीकडे, पायऱ्या कुठे, वृक्ष कुठे, एवढेच सांगत ती जाते. लिहिणाऱ्याची भक्ती अपार आहे, पण तो स्वतःच्या मनात काय उठले ते सांगत बसत नाही. ज्याच्यावर प्रेम आहे त्याची जागा हरवू नये म्हणून तो ती मोजून ठेवतो. ह्याहून मोठी आत्मनिष्ठा कोणती ते आम्हाला कळत नाही. गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ घ्या. १८५७ च्या धामधुमीत उत्तरेकडे सापडलेला हा वरसईचा भिक्षुक घरचे कर्ज फेडायला निघालेला होता. त्याला दक्षिणा किती मिळाली, काय लुटले गेले, कोणत्या गावी काय खायला मिळाले, हे तो विसरत नाही. चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली ते प्रसिद्ध केले, आणि आजही ते वाचताना झाशीचा वेढा डोळ्यांपुढे उभा राहतो, तो विशेषणांमुळे नव्हे.

१९४० साली अनंत काणेकरांचे ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ आले तेव्हापासून मराठी प्रवासवर्णनाने वळण घेतले असे आपण शिकवतो, आणि ते बरोबर आहे. त्या पुस्तकाला आम्ही दोष देत नाही. माहितीच्या रुक्ष जंत्रीला कंटाळलेल्या काळात बोलत्या, मिस्किल ‘मी’ची गरज होती. पण काणेकरांचा ‘मी’ बघत होता. त्याला बघण्यासारखे काही हवे होते म्हणून तो घराबाहेर पडला होता. त्याच्या मागून आलेल्या शेकडो ‘मीं’नी फक्त बोलणे उचलले. समीक्षकांनी त्या बोलण्याला लालित्य हे नाव दिले, अभ्यास मंडळांनी त्याची व्याख्या केली, आणि आमच्यासारख्यांनी ती फळ्यावर लिहिली. परिणाम असा, की आज मराठी माणूस जगभर हिंडतो, हिंडून आल्यावर हटकून लिहितो, आणि त्या लिखाणावरून तो कुठे गेला होता ते ओळखणे कठीण जाते. नॉर्वे काय, न्यूझीलंड काय, सगळीकडे त्याचे मन भरून येते.

ह्यावर एक प्रामाणिक आक्षेप आहे आणि तो एका सहकारी प्राध्यापिकाबाईंनी आमच्या तोंडावर घेतला. त्या म्हणाल्या, “तुम्हाला गॅझेटियर हवे आहे. सौंदर्य बघायला गेलेल्या माणसाला तुम्ही हातात खतावणी देता.” आक्षेप वजनदार आहे. गॅझेटियरही काही पाहत नसे. ते महसुलासाठी मोजत असे, आणि त्याच्या मोजण्यात माणसे डोकी होऊन जात. आम्हाला ते नको आहे. आम्ही बाईंना एवढेच विचारले, की ड्युनालिएलाची हकिगत कळल्यावर तो रंग तुम्हाला कमी सुंदर वाटला का? त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, “सुंदर नाही वाटला. भीती वाटली.” मग हीच भीती लेखात का येऊ नये? मनात उमटलेले तरंगच हवे असतील, तर हाही तरंगच आहे. फरक इतकाच, की तो फुकट मिळालेला नाही.

ह्या जूनमध्ये द्वितीय वर्षाच्या वर्गाला प्रवासवर्णन शिकवायची वेळ आली तेव्हा आम्ही व्याख्या सांगितली नाही. घरापासून दोन तासांच्या आत पोचता येईल अशा कोणत्याही जागेवर लिहून आणा, म्हटले, अट एकच, रंगवाचक विशेषण वापरायचे नाही. बहुतेकांनी किल्ले आणले. काहींनी विशेषणे गाळून क्रियाविशेषणांत दडवली. मुले हुशार असतात. एका मुलीने मिठागर आणले होते. तिच्या आजोबांचा जन्म खारेपाटातला, आगरी घरातला, आणि हयात मिठागरात गेली. भरतीचे पाणी आत कसे घेतात, ते एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात कसे फिरवतात, पाय कसे फुटतात, पावसाची एक अवकाळी सर आली तर महिन्याचे पीक कसे पाण्यात जाते, हे तिने सात पाने लिहिले होते. पाचव्या पानावर तिने अट मोडली होती आणि समासात ‘माफ करा सर’ असे लिहिले होते. वाफ्यातले पाणी तांबडे दिसू लागले, की आजोबा सगळ्यांना हाका मारीत, आता मीठ येणार, फळ्या काढा.

तिला आम्ही किती गुण दिले हे विद्यापीठाच्या नियमांनुसार सांगता येत नाही. ती वही अजून आमच्याकडेच आहे.